पांगुळगाड्याचं तिसरं चाक

"दुसरा टाक," आण्णा म्हणाले.

"अजून चढावरचं आंब्याचं झाड आलं नाही, आण्णा."

"आंब्याची वाट बघत बसलीस तर गाडी उलटी जायला लागंल. टाक म्हणतो तर टाक."

मी गिअर बदलला. पिकअप कण्हली, थरथरली आणि बिरोबाच्या चढाला रांगायला लागली. डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक म्हातारी आमच्या बाजूनंच चढत होती. थोडा वेळ ती आणि आम्ही बरोबरीनं चाललो. मग तिनं खिडकीतून आत डोकावून बघितलं.

"ढकलू काय गं, बाई?"

आण्णांनी काळा चष्मा सारखा केला आणि दुसऱ्या खिडकीबाहेर बघायला लागले. त्यांचे खांदे हलत होते. मला मात्र रडू येत होतं.

माझे वडील धोंडीराम सुतार. गावात सगळे त्यांना आण्णाच म्हणतात. गगनबावड्याच्या रस्त्यालगत आमचं गाव, आणि घराला लागूनच त्यांचा कारखाना. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड, एक लांबलचक बाक आणि कायम घोटाभर भुसा. चौकटी, पलंग, देव्हारे ते करत आणि स्वतःच्या जुन्या पिकअपमधून पोचवून येत. घाटाखालून फणसाच्या फळ्या आणायच्या तरी तीच पिकअप. त्या वर्षी त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी गाडी चालवायला बंदी केली. भाऊ पुण्यात नोकरीला. मी बी.कॉम. होऊन घरी बसले होते आणि आई माझ्यासाठी स्थळं बघत होती.

"मी चालवते," मी म्हटलं.

आईनं हातातलं लाटणं थांबवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आण्णांनी किल्ली माझ्या हातात ठेवली आणि स्वतः शेजारी बसले.

पहिल्याच दिवशी मी ती गाडी तानाजी पाटलांच्या उसात घातली. ब्रेकवर ठेवायचा पाय ॲक्सिलेटरवर पडला, आणि घाबरून मी तो आणखी दाबला. ऊस दोन्ही बाजूंनी आडवा होत गेला, काचेवर पाती सपासप आपटली आणि पाचटात रुतून गाडी कशीबशी थांबली. आण्णा म्हणाले, "आता रिव्हर्स शीक." एवढंच. पण त्या संध्याकाळी किल्ली त्यांनी स्वतःकडंच ठेवली.

त्यानंतर गाडी दमायला लागली. सपाटीला बरी पळायची, पण चढ आला की जीव जायचा. मी विचारलं तर आण्णा म्हणाले, "वय झालंय तिचं. माणसाचं हुतंय तसं गाडीचं."

आईला हेच हवं होतं. हातकणंगल्याचा एक माणूस गाडी बघून गेला होता, आणि तिनं त्याला नको म्हटलं नव्हतं.

"घाट चढंना, पोरगी चालवायची म्हणत्या," ती आण्णांना ऐकू जाईल अशा आवाजात भांड्यांशी बोलायची. "यात्रेची पालखी करायला घेतल्याय ह्यांनी. फळ्या काय उडत येणार हाईत? सरळ भाड्याचा टेम्पो सांगायचा आणि हे धूड देऊन टाकायचं."

शेवटी आण्णांनीच मधला मार्ग काढला. पालखीसाठी फणसाच्या फळ्या आणायच्याच होत्या. पिकअप भरल्या मालानं करूळ घाट चढून आली तर ठेवायची, नाही तर हातकणंगल्याला द्यायची.

"आणि चालवणार कोण?" आईनं विचारलं.

"चालवत्या तीच."

म्हणजे माझंही त्यातच ठरणार होतं. गाडी गेली की किल्ली जाणार, आणि मी पुन्हा चहाचे पेले घेऊन पाहुण्यांसमोर बसणार. त्या थोड्या दिवसांत मला काय मिळालं होतं ते कुणाला सांगता आलं नसतं. बाजारात पिकअप लावून खाली उतरले की दुकानदार मला 'कुणाची गं तू' असं विचारायच्या ऐवजी 'माल कुठं उतरायचा' असं विचारायचे.

मी फोनवर व्हिडिओ बघायला सुरुवात केली. जुन्या पिकअपची ताकद घरच्या घरी कशी वाढवायची, नवशिक्यांनी कुठून सुरुवात करायची. दाढीवाला एक परदेशी माणूस घराएवढ्या चकचकीत ट्रकसमोर उभा राहून सगळं किती सोपं आहे ते सांगायचा. त्याचं निम्मं बोलणं कळायचं, निम्मं त्याच्या हातांवरून ओळखायचं. हवा आत घेणारा मोठा पाइप बसवा, मोठा सायलेन्सर बसवा, गाडीची डरकाळी ऐका. ते सगळं घेऊन मी फाट्यावरच्या जमीरभाईंच्या गॅरेजमध्ये गेले.

जमीरभाईंनी व्हिडिओ शेवटपर्यंत बघितला. मग फोन मला परत देत म्हणाले, "बाळ, ह्यो हत्ती हाय. आपलं खेचर हाय. हत्तीचं औषध खेचराला पाजायचं नसतंय."

"मग काय करायचं?"

"आधी तिला नीट श्वास घेऊ दे. मग पोटाचं बघू."

बॉनेट उघडून त्यांनी एअर फिल्टर बाहेर काढला आणि बाकावर आपटला. भुश्याचा असा ढग उठला की आम्ही दोघंही खोकत बाहेर पळालो. रस्त्याच्या धुळीपेक्षा त्यात आमच्या कारखान्याचा लाकडाचा भुसाच जास्त होता. वर्षानुवर्षं पिकअप शेडच्या दाराशी उभी राहायची आणि आण्णा आत रंधा मारत असायचे.

"ही गाडी डिझेल पीत न्हाई, लाकूड खात्या," जमीरभाई डोळे पुसत म्हणाले.

नवा फिल्टर मी माझ्या हातानं बसवला. क्लिपा लावताना बोट चेमटलं, तरी कुणाला सांगितलं नाही. हवेच्या रबरी पाइपला बारीक चीर होती, तो बदलला. आणि गाडी शेडच्या दाराशी लावायची नाही, असं आण्णांना बजावलं.

"बरं बाई," आण्णा म्हणाले. "तू सांगशील तिथं लावू."

दुसऱ्या दिवशी बिरोबाच्या चढाला गेलो. आंबा आला, गेला, आणि मग दुसरा गिअर टाकावा लागला.

"आण्णा! आंबा ओलांडला!"

"ओलांडला की," आण्णा म्हणाले. त्यांनाही नवल वाटल्यासारखं दिसत होतं.

मग मला झिंग चढली. डिझेल फिल्टर बदलला. चाकांतली हवा बघितली तर चारही चाकांत कमी होती. सायलेन्सर काढून जमीरभाईंनी आमच्या दारातच झटकला, आणि त्यातून काजळीची एवढी ढेकळं पडली की आई म्हणाली, आता वर्षभर दारात रांगोळीला काळा रंग विकत आणायला नको. मागच्या हौद्यात आण्णांनी साठवलेलं जग होतं. मोडक्या चौकटी, लोखंडी पहार, जड पाना, कधीतरी लागतील म्हणून ठेवलेले बाभळीचे ओंडके. मी एकेक उतरवायला लागले आणि आण्णा एकेक उचलून परत ठेवायला लागले.

"ह्यो ओंडका असू दे. चाकाला लावायला लागतोय."

"एक ठेवा. बाकीचे कशाला?"

"त्याला सोबत."

शेवटी एकच ठेवला. एकेक काम झालं की दुसऱ्या दिवशी चढावर जायचं, आणि दर वेळी गाडी थोडी पुढं जायची. आंब्यापासून विजेच्या खांबापर्यंत, खांबापासून पाण्याच्या टाकीपर्यंत. मी वेडी झाले होते. जेवताना फिल्टरबद्दल बोलायचे, झोपेत क्लिपा लावायचे.

"हिला आता मेकॅनिकच बघायला पायजे," आई म्हणाली. पण ती हसत होती, आणि तसं ती बऱ्याच दिवसांनी हसली होती.

त्याच संध्याकाळी शेडमध्ये ती काहीतरी शोधत होती. तिथं खुंटीला माझा जुना पांगुळगाडा टांगलेला असायचा. मी चालायला शिकत होते तेव्हा आण्णांनी शिसवीच्या उरलेल्या तुकड्यांतून केलेला, तीन चाकांचा, ढकलत चालायचा.

"अवो, ह्याचं एक चाक कुठाय?"

"उंदरानं नेलं असंल," आण्णा रंधा न थांबवता म्हणाले.

"चाक? उंदरानं?"

"मोठा असंल उंदीर."

आई माझ्याकडं वळली. "ह्यो गाडा ढकलत तू थेट रस्त्यावर पळायचीस. जमिनीवर पाय न्हाई. मग ह्यांनी चाकाच्या आसात पाचर मारली. गाडा जाम. तू लई आरडायचीस, पण ह्यांनी काय काढली न्हाई. रोज थोडी थोडी सैल करायचे."

"मला काय आठवत न्हाई," आण्णा म्हणाले आणि रंध्यातली सालपटं झटकली.

घाटाच्या आदल्या दिवशी मी गाडी शेवटची म्हणून जमीरभाईंना दाखवली. त्यांनी बॉनेट उघडून इंजिनजवळचा ॲक्सिलेटरचा दांडा हातानंच ओढला आणि गाडी अशी गरजली की फाट्यावरची कुत्री उठून उभी राहिली.

"बघ की! वाघ हाय!"

"मग माझ्या पायाला का मांजर होते?" मी विचारलं. "मी पार तळापर्यंत दाबते, तरी असा आवाज कधी येत नाही."

जमीरभाईंनी माझ्याकडं बघितलं, मग बाकावर काळा चष्मा लावून बसलेल्या आण्णांकडं बघितलं.

"आण्णा, काय म्हणताय?"

"चहा सांग," आण्णा म्हणाले.

सकाळी आम्ही घाट उतरलो. खाली सॉमिलवर फणसाच्या पिवळ्याधमक फळ्या भरल्या. आण्णांनी प्रत्येक फळीवरून तळवा फिरवला, दोन परत केल्या. दोरखंड स्वतः आवळले. परत निघताना ते शेजारी बसले आणि दाराच्या वरचा दांडा धरून ठेवला. एरवी घाटात झाडं दाखवतील, ह्याचं लाकूड कशाला चालतं, त्याचं कशाला नाही ते सांगतील. त्या दिवशी ते फक्त रस्त्याकडं बघत होते.

पहिली वळणं पिकअपनं निभावली. मी मनातल्या मनात एअर फिल्टरला नमस्कार घातला. मग चढ उभा व्हायला लागला. दुसरा गिअर, मग पहिला. एका अवघड वळणावर मी स्टिअरिंग वळवलं आणि गाडी जागच्या जागी हुंदके द्यायला लागली. मागं एसटी येऊन थांबली आणि हॉर्न वाजवायला लागली. मी ॲक्सिलेटर तळाला टेकवला. त्याच्या पलीकडं दाबायला काहीच उरलं नव्हतं. चाकं जेमतेम हलत होती आणि उजव्या हाताला दरी होती.

"आण्णा, होत नाही," मी म्हटलं. "सगळं केलं मी. काही म्हणून शिल्लक ठेवलं नाही. निम्म्या फळ्या इथंच उतरवू. आई म्हणते तेच खरं. द्या हिला हातकणंगल्याला."

आण्णांनी दांड्यावरचा हात काढला.

"हँडब्रेक वढ," ते म्हणाले. "पाय ब्रेकवर ठेव. हलायचं न्हाई."

ते उतरले, मागून तो एकुलता एक बाभळीचा ओंडका काढला आणि मागच्या चाकाला लावून लाथेनं पक्का केला. मग फिरून माझ्या दाराशी आले.

"आता इंजिन बंद कर. गिअरमध्ये राहू दे. उतर जरा."

"काय झालं?"

"उतर म्हणतो न्हवं."

मी उतरले. त्यांनी काळा चष्मा काढून माझ्या हातात दिला आणि माझ्या सीटपुढं गुडघ्यावर बसले. खालची जाड रबरी मॅट त्यांनी कोपऱ्यातून उचलली, कमरेची पटाशी काढली आणि ॲक्सिलेटरच्या खाली घातली. एसटीचा ड्रायव्हर डोकं बाहेर काढून ओरडला, "काय झालं ओ मामा? मेकॅनिक बोलवू?"

"नको," आण्णा आतूनच म्हणाले. "जरासं सुतारकाम हाय."

पटाशीवर दोन ठोके बसले. एक स्क्रू घरंगळत रस्त्यावर आला. मग आण्णांनी पेडलखालून काहीतरी उपसून काढलं आणि माझ्याकडं न बघताच हात मागं करून माझ्या तळव्यावर ठेवलं.

शिसवीचं छोटं चाक. एका बाजूला अजून लाल रंग होता. दुसरी बाजू रंधा मारून सपाट केलेली. मुळात दोन बोटं जाड असलेलं ते चाक आता भाकरीएवढंच जाड उरलं होतं. आणि ते एकदाच रंधलेलं नव्हतं. कडेला पायऱ्या दिसत होत्या. जुन्या काळपट, मग कमी काळपट, आणि शेवटची एकदम ताजी, उघड्या लाकडाची.

मी सगळा दोष लोखंडात शोधत होते. सुताराच्या घरात जन्मून.

"बस आता," आण्णा उठत म्हणाले. गुडघे झटकण्यात त्यांनी उगीच वेळ घालवला. "आता तुझ्या पायाखाली सगळी गाडी हाय. जपून दाब."

"तुम्ही मागच्या एसटीनं या. वर भेटू," मी म्हटलं. रागानं म्हटलं की कशानं, मला आजही सांगता येणार नाही.

"मी शेजारीच बसणार," ते म्हणाले. आणि दार उघडून बसले.

मी गाडी सुरू केली आणि पाय खाली नेला. जिथं आजवर तळ होता तिथून तो आणखी खाली गेला. पिकअप गरजली, फळ्या करकरल्या आणि आम्ही ओंडका मागं टाकून वळणाबाहेर पडलो. जमीरभाई ज्याला वाघ म्हणाले तो आता माझ्या टाचेखाली होता.

"हळू! हळू गं, बाई!" आण्णा ओरडले. त्यांनी दोन्ही हातांनी दांडा धरला होता आणि डोळे घट्ट मिटले होते.

"डोळे उघडा, आण्णा!"

"डॉक्टरनं सांगितलंय, वारं लागू द्यायचं न्हाई!"

मागून एसटीनं हॉर्न वाजवला. या वेळी लांबलचक, वरातीतल्या बँडसारखा.

घाट संपला तिथं चहाची टपरी आहे. आम्ही गाडी लावली. आण्णांनी बशीत चहा ओतला, पण प्याले नाहीत. चाक टेबलावर आमच्या मधे ठेवलं होतं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"उसात घुसलीस त्या संध्याकाळपासनं."

"मला सांगायचं ना."

"काय सांगू? तुझ्यापेक्षा मला भ्या वाटतंय म्हणून?" त्यांनी बशी फुंकली. "त्यो ऊस होता म्हणून वाचलो, हर्षे. त्या जागी ओढा असता तर? मला झोप लागंना. तुला चालवू नको म्हणवंना. मग काय करायचं मानसानं? हाताशी हुतं ते ठोकलं."

"आणि मी एअर फिल्टर बदलला, तेव्हा गाडी आंबा ओलांडून गेली ती?"

"फिल्टरनं पण थोडं झालंच असंल की."

"आणि बाकीचं?"

आण्णा खाली बघून हसले.

"तुझी एवढी धावपळ बघून मी बी जरा रंधा मारला."

मी चहा तोंडात घेतला होता, तो नाकातून आला. दोघंही इतके हसलो की टपरीवाल्यानं विचारलं, साखर जास्त झाली काय. मग आण्णांनी चाकाची ताजी बाजू अंगठ्यानं घासली.

"काल जमीरनं बघितलं माझ्याकडं, तवाच काढणार हुतो. हात झाला न्हाई. एवढंच राहू दे म्हटलं, भाकरीएवढं."

घरी पोचलो तेव्हा आई दारातच उभी होती. तिनं आधी माझ्याकडं बघितलं, मग फळ्यांकडं, मग माझ्या हातातल्या चाकाकडं.

"घावलं होय?" ती म्हणाली. "उंदरानं परत आणून दिलं वाटतं." आणि हातकणंगल्याच्या माणसाला नाही म्हणून सांगून टाका, असं म्हणत ती आत गेली.

पालखी त्या यात्रेला निघाली. पुढं माझं लग्न झालं तेही याच पंचक्रोशीत, आणि फणसाच्या फळ्या आणायला मीच जात राहिले. माझी मुलगी ओवी झाल्यापासून तेवढं थांबलंय. गेल्या आठवड्यापासून ती माझ्या माहेरी आलीय आणि चालायला लागलीय. म्हणजे चालत नाही, पळते. आण्णांनी तिच्यासाठी नवा पांगुळगाडा केलाय. मागची दोन चाकं नवी, पुढचं जुनं. लाल रंगाचं, भाकरीएवढं जाड, कडेला पायऱ्या असलेलं. आसात त्यांनी बारीक पाचर मारलीय, त्यामुळं गाडा अडखळत चालतो, आणि ओवी त्याच्यावर ओरडते.

आज दुपारी ती पहिल्यांदाच कुठंही न पडता अंगणाच्या टोकापर्यंत गेली. पुढं उतार आहे, आणि उताराच्या खाली रस्ता. आण्णा पटाशी घेऊन पायरीवर बसले होते.

"नीट चालत्या आता," ते म्हणाले. "काढू का पाचर?"

मी अंगणाकडं बघितलं, उताराकडं बघितलं.

"एवढ्यात नको, आण्णा," मी म्हटलं. "जरा रंधा मारा फक्त."